मुळं प्लास्टरमध्ये उतरत नाहीत

मास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी समोर येऊन "ओळखलंत का?" म्हणालं, की ते गडबडून बायकोच्या तोंडाकडे बघत. पण तोच माणूस हसला की काम फत्ते. "अरेच्चा! वरचा डावा सुळा आत वळलेला! चारशे बारा नंबर! कसे आहात?" त्यावर तो माणूस पटकन तोंड मिटून घेई आणि मास्तरांची पुन्हा पंचाईत होई.

यात त्यांचा काही दोष नव्हता. गेली बावीस वर्षं ते दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरांकडे साचे ओतायचं काम करत होते. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा भरून माप घेत आणि ते मागच्या खोलीच्या खिडकीतून आत सरकवत. मास्तर त्यात दगडासारखं घट्ट होणारं पिवळसर प्लास्टर ओतत. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. माप उघडं अर्धा तास पडून राहिलं तर आक्रसतं. प्लास्टर घाईने ओतलं तर दातात बुडबुडा राहतो आणि धडधाकट माणसाच्या दाढेला उगाच भोक पडतं. मास्तर थरथरणाऱ्या यंत्रावर माप धरून एकेका दातात थेंब थेंब प्लास्टर उतरवत. साचा निघाला की कडा घासून त्यावर नंबर घालत आणि डबीत ठेवत. भिंतभर फळ्यांवर अशा अडीच हजार डब्या होत्या. अडीच हजार माणसं तोंड उघडून बसली होती, पण बोलत एकही नव्हतं. मास्तरांना ही संगत फार आवडे.

मास्तर हे नाव डॉक्टरांनीच दिलेलं. पहिल्या महिन्यात एक साचा हातात फिरवून बघत ते म्हणाले होते, "वा, तुम्ही तर या कामातले मास्तर!" तेव्हापासून सगळे तेच म्हणू लागले. खरं तर घरात शिकवणारी व्यक्ती वेगळीच होती. त्यांची बायको शाळेत पहिलीला शिकवायची. "पोरांना शिकवून शिकवून घसा माझा बसतो," ती म्हणे, "आणि मास्तर हे!"

दवाखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. वहिनींचं हसणं हा एक अजब प्रकार होता. विनोद झाला की आधी त्यांचा तळहात वर यायचा, तोंडावर बसायचा, आणि मग मागून आवाज यायचा. वरचे पुढचे चार दात एकमेकांच्या खांद्यावर चढून बाहेर डोकावत होते. लग्नाच्या फोटोतही वहिनी अशा गंभीर, की कुणाला वाटावं नवरा पसंत नव्हता.

नोकरीला वीस वर्षं झाली त्या दिवशी डॉक्टर मागच्या खोलीत आले. सहसा ते खिडकीतूनच बोलत. आत आले, स्टुलावर बसले, पँटला प्लास्टर लागलं तरी बसून राहिले.

"मास्तर, तुम्हाला काय द्यावं याचा मी खूप विचार केला. घड्याळ द्यावं तर तुमच्या घड्याळात प्लास्टर जाणार. वहिनींचे दात सरळ करून देतो. माझ्यातर्फे. नाही म्हणायचं नाही."

मास्तर ढवळायचे थांबले. हातातलं प्लास्टर वाडग्यात तसंच सेट झालं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

वहिनी आधी नाहीच म्हणाल्या. "एक्केचाळीस वर्षांची बाई मी! माझ्या वर्गातल्या पोरींच्या तोंडात उद्या तारा येतील, आणि आज माझ्या?"

"अगं, हल्ली मोठी माणसं पण लावतात. आणि मी आहे ना तिथे," मास्तर म्हणाले.

हे "मी आहे ना" ते इतक्या सहज म्हणाले की वहिनींनी तळहात तोंडावर ठेवून होकार दिला.

पहिल्या दिवशी काउंटरवाल्या मुलीने वहिनींपुढे एक छापील कागद ठेवला. दवाखान्याची ही शिस्तच होती. दात सरळ करायला येणाऱ्या प्रत्येकाला तो कागद वाचून दाखवायचा, मग सही घ्यायची. मुलीने सुरुवात केली, "उपचार सुरू करण्यापूर्वी..." आणि मास्तर मागच्या खोलीतून हात पुसत बाहेर आले.

"अगं, घरच्या माणसांना कसला कागद वाचून दाखवतेस? पंचवीस माणसं खोळंबलीत."

डॉक्टर आतून हसत म्हणाले, "खरंय! वहिनींची सही घेतली तर मास्तर मला जेवायला बोलवायचे नाहीत."

सगळे हसले. मुलीने कागद खणात टाकला. वहिनी खुर्चीवर जाऊन आडव्या झाल्या.

पुढचे वीस महिने घरात तारांचं राज्य होतं. दर महिन्याला तार घट्ट व्हायची, आणि त्यानंतरचे तीन दिवस वहिनी फक्त मऊ भात आणि राग यांवर जगायच्या. कॉलेजातली मुलगी म्हणे, "आई, तू आता माझ्या बाकावर बस. मागच्या बाकावरच्या दोघींच्या तोंडात अशाच तारा आहेत." पहिलीच्या वर्गात तर बाईंच्या तोंडातलं हे यंत्र म्हणजे मोठाच विषय होता. चकचकीत काही दिसलं की पोरं अभ्यास सोडून बघत बसत. वहिनींनी त्याचाही उपयोग करून घेतला. जे गप्प बसेल त्याला मधल्या सुट्टीत जवळून बघायला मिळेल, असा नियमच त्यांनी करून टाकला.

नवव्या महिन्यात डॉक्टरांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला. मधे एकदा काढतातच. त्या संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"छान चाललंय म्हणाले."

"मग झालं तर."

मास्तरांचा डॉक्टरांवर भरवसा होता, आणि त्याहून जास्त आपल्या साच्यांवर. दर तीन महिन्यांनी ते वहिनींचं माप ओतत होते. एका साच्यात दात एकमेकांवर चढलेले, पुढच्यात जरा सरकलेले, त्याच्या पुढच्यात रांगेत यायला लागलेले. फळीवर चार साचे शेजारी ठेवले की चार पावलांत बायको सुंदर होत चाललेली दिसे. प्लास्टरमध्ये दात दिसतात, हिरडी दिसते. हिरडीच्या आत काय चाललंय, ते प्लास्टरमध्ये उतरत नाही. हे मास्तरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण आपल्याच घरी ते कधी आठवायची वेळ आली नव्हती.

चौदाव्या महिन्यात डॉक्टरांची परिषद होती. देशभरातून दातवाले येणार होते. डॉक्टरांनी ठरवलं, वहिनींचे साचे न्यायचे. चाळिशीनंतरही दात कसे नीट येतात, ते दाखवायचं. मास्तरांनी त्या साच्यांसाठी चार संध्याकाळी घातल्या. आधी बारीक कागदाने घासले, मग साबणाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवले, वाळवले आणि मऊ फडक्याने इतके पुसले की ते संगमरवरासारखे चमकायला लागले. परिषदेतून डॉक्टरांचा फोन आला. मागे गलका ऐकू येत होता.

"मास्तर! सगळे तुमचे साचे हातात घेऊन बघताहेत! एक जण म्हणाला, हे साचे आहेत की शिल्प!"

त्या आठवड्यात मास्तरांनी हे वाक्य भेटेल त्याला ऐकवलं. दूधवाल्यालाही. दूधवाला म्हणाला, "चांगलं आहे," आणि पुढच्या घरी गेला.

विसाव्या महिन्यात तारा निघाल्या. वहिनी आरशासमोर उभ्या राहिल्या आणि हसल्या. तळहात सवयीने निम्म्यापर्यंत वर आला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि पुन्हा हसल्या. मास्तर दारातून बघत होते. त्यांना त्या दिवशी बायकोचा चेहरा पहिल्यांदा नीट लक्षात राहिला.

पाच महिने असे गेले. मग एका दुपारी वहिनी गाजर खाताखाता थांबल्या.

"अहो, हा हलतो का हो?"

मास्तरांनी चष्मा लावला, बोट लावलं. वरचा मधला डावा दात हलला. फार नाही, पण हलला. मग उजव्याला लावून बघितलं. तोही. मास्तरांनी बोट काढलं आणि फडक्याला पुसत राहिले. बोट स्वच्छ झालं तरी पुसत राहिले.

"तारा निघाल्या की थोडं असतं," ते म्हणाले. हे त्यांनी कुठे तरी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी शाळेतून आल्या त्या हसत, पण डोळे काही वेगळंच सांगत होते. वर्गातल्या एका पोरीचा दात हलत होता. ती रडायला लागली म्हणून वहिनींनी तिला जवळ घेऊन सांगितलं, "अगं, घाबरायचं नाही. माझापण हलतोय." पोरगी लगेच खूश झाली. "मग बाई, तुमचापण पडणार आणि नवीन येणार!"

"मी म्हटलं, हो," वहिनी म्हणाल्या. "काय सांगणार?"

मास्तर त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आरसा घातला, बोटाने दात हलवून बघितले आणि हातमोजे काढले.

"हिरडीला जरा सूज आहे वहिनी. कोमट पाण्याच्या गुळण्या करा. पुढच्या दातांनी काही तोडू नका. येईल ताळ्यावर."

"एक्स-रे काढू या का?" मास्तरांनी विचारलं.

"मशीन बिघडलंय हो दोन दिवस. माणूस यायचाय."

मास्तरांनी मान हलवली. त्याच दिवशी सकाळी मागच्या खोलीत काम करताना त्यांनी त्या मशीनची घरघर तीनदा ऐकली होती. बावीस वर्षांत ती त्यांच्या कानात इतकी मुरली होती की ऐकूच येत नसे. "बिघडलंय" हा शब्द ऐकल्यावर मात्र सकाळच्या तिन्ही घरघरी एकदम ऐकू आल्या.

वहिनींना रिक्षात बसवून ते परत आले. जेवणाची सुट्टी होती, काउंटरवाली मुलगी डबा उघडून बसली होती. मास्तरांनी एक्स-रेचा खण ओढला. साच्याच्या डबीवर जो नंबर, तोच एक्स-रेच्या पाकिटावर. ही पद्धत मास्तरांनीच घालून दिलेली. त्यामुळे बायकोचं पाकीट सापडायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

पाकिटात तीन फिल्म होत्या. मास्तर त्या मागच्या खोलीत घेऊन गेले आणि खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरल्या. एक्स-रे वाचायला ते शिकले नव्हते, पण या तीन फिल्म वाचायला शिकावं लागत नव्हतं. पहिलीत पुढच्या चारही दातांची मुळं लांब, निमुळती, हाडात खोल गेलेली. दुसरीत त्यांची टोकं गोल झालेली, कुणी तरी कानशीने घासल्यासारखी. तिसरीत, म्हणजे तारा काढल्या तेव्हाच्या फिल्ममध्ये, दोन दातांची मुळं निम्मीच उरलेली. बाहेरून दात तेवढेच, मास्तरांच्या साच्यात होते तसेच, देखणे. आणि आत आधाराला थोडंसंच काही.

दुसऱ्या फिल्मच्या कोपऱ्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. डॉक्टरांचं अक्षर. तारीख नवव्या महिन्याची. "वरच्या चार दातांची मुळं आखूड होत आहेत. तारेचा ताण काढून तीन महिने थांबणे." आणि त्याखाली, दुसऱ्या पेनने, एकच शब्द: "परिषदेनंतर."

मास्तरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग काउंटरच्या खणातून तो छापील कागद काढून आणला, ज्याला त्यांनी स्वतः हात हलवून नको म्हटलं होतं. चौथं कलम होतं: क्वचित दातांची मुळं आखूड होऊ शकतात, तसं दिसल्यास उपचार काही काळ थांबवावे लागतात, पेशंटला त्याची माहिती दिली जाईल. काउंटरवाली मुलगी हातात घास धरून बघत होती.

"मास्तर, काय झालं?"

"काही नाही. तू जेव."

डॉक्टर जेवून आले तेव्हा मास्तर त्यांच्या खुर्चीजवळ उभे होते. बावीस वर्षांत ते पुढच्या खोलीत असे न बोलावता कधी उभे राहिले नव्हते. हातात तिन्ही फिल्म.

डॉक्टरांनी फिल्म बघितल्या, मग मास्तरांकडे बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"मास्तर, बसा आधी."

"उभाच बरा आहे."

"हे बघा. हे होतं. शंभरातल्या काही जणांना होतंच. कुणाची मुळं आखूड होणार हे आधी कुणालाच सांगता येत नाही. ते आपल्या हातात नसतं."

"मान्य. थांबणं पण हातात नव्हतं का?"

डॉक्टर टेबलावरचा आरसा उचलून पुसायला लागले.

"पाच महिन्यांचाच प्रश्न होता. दात इतके सुंदर येत होते मास्तर... मला वाटलं, परिषद झाली की थांबू. मग परिषदेनंतर काम जवळजवळ झालंच होतं."

"आणि मी साचे पुसत होतो," मास्तर म्हणाले. "चार दिवस. तुम्हाला माहीत होतं, तेव्हा मी साबणाच्या पाण्यात तिचे दात उकळत होतो. तुम्ही तिथून फोन केलात."

"मास्तर, तुम्ही घरचे आहात. म्हणून..."

"म्हणून काय?"

डॉक्टरांनी आरसा टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा खरोखर वाईट वाटलेल्या माणसाचा होता, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं. हा माणूस नालायक असता तर बरं झालं असतं. पण याच माणसाने मास्तरांच्या मुलीच्या आजारपणात दवाखाना बंद ठेवून अख्खी रात्र त्यांच्याबरोबर बाकावर बसून काढली होती. तोही खरा आणि हाही खरा. यांपैकी एकाला काढून टाकता येत नव्हतं.

"परक्याला सांगितलं असतं," मास्तर म्हणाले. "परक्याकडून सही घेतलेली असती, म्हणून सांगावं लागलं असतं. आम्हाला सांगितलं नाही, कारण आम्ही विचारणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

तेवढ्यात खिडकीतून काउंटरवाल्या मुलीचा आवाज आला. जेवणाच्या सुट्टीआधी घेतलेली पाच मापं ओल्या फडक्यात वाट बघत होती. मास्तर आत गेले. पाच माणसांनी त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं. त्यांनी पाचही मापं ओतली, एकही बुडबुडा येऊ दिला नाही, यंत्र बंद केलं, वाडगं धुतलं, ॲप्रन खुंटीला लावला. मग बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर, उद्यापासून दुसरा माणूस बघा. आणि संध्याकाळी घरी या. हे तिला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

डॉक्टर आले. मास्तरांना वाटलं होतं, येणार नाहीत. ते खुर्चीच्या कडेवर बसले, फिल्म समोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. नववा महिना, चिठ्ठी, परिषद, आणि दुपारचं मशीनही. काही गाळलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. वहिनींनी मधे एकदाही अडवलं नाही. पहिलीतलं पोर चूक कबूल करतं तेव्हा त्या जशा ऐकतात, तशा ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टर, मला नवव्या महिन्यात सांगितलं असतंत तर मी अर्धे वाकडे दात घेऊन मजेत राहिले असते. वाकडेच होते की चाळीस वर्षं. माझं कुठे अडलं होतं?"

डॉक्टर मान खाली घालून गेले. जाताना "येतो" म्हणाले नाहीत. कुणी "या" म्हटलंही नाही.

मास्तरांना वाटलं, अवघड भाग संपला. पण वहिनी तशाच बसून होत्या.

"एक विचारू?"

"विचार ना."

"त्या एक्स-रेत काय आलं, हे तुम्ही डॉक्टरांना कधी विचारलंत? एकदा तरी?"

मास्तरांनी उत्तर शोधलं. अडीच हजार डब्या, भिंतभर फळ्या, प्रत्येकीवर नंबर. सगळीकडे शोधलं.

"नाही," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना तिथे."

"म्हणालो होतो."

"दहा पावलांवर होतात. मधे एक खिडकी फक्त." वहिनींचा आवाज चढला नाही. चढला असता तर मास्तरांना भांडता आलं असतं. "त्यांनी माझे दात घेतले ते त्यांच्या हौसेपायी. ते मला कळतं. तुम्हाला तर काही मिळवायचंही नव्हतं. तुम्ही नुसतं विचारलंच नाहीत."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत लावायला लागल्या.

चार दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. पाचव्या दिवशी वहिनींनी शाळेतल्या एका बाईंकडून दुसऱ्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता आणला आणि तो मास्तरांपुढे ठेवत म्हणाल्या, "साडेपाचची वेळ आहे. यायचं तर या."

डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दवाखाना एका खोलीचा. त्यांनी नवीन एक्स-रे काढला आणि वहिनींच्या हातात देऊन समोरच्या दिव्यावर धरायला लावला. "हे बघा, हे तुमचे. मुळं आता आणखी झिजणार नाहीत. ताण गेला की ते थांबतं. पण गेलं ते परत येत नाही. दातांच्या मागून बारीक तार चिकटवू, चौघांना एकमेकांचा आधार होईल. पुढच्या दातांनी गाजर, भुट्टा, दोरा तोडणं, सगळं बंद."

"दोरा मी कधीच तोडत नाही," वहिनी म्हणाल्या. "हे तोडतात." मास्तरांकडे न बघता.

"आणि किती वर्षं टिकतील?" वहिनींनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "खरं सांगू? माहीत नाही. दहा टिकतील, वीसही टिकतील. मधेच एखादा जाईलही. दर सहा महिन्यांनी या, जे दिसेल ते सांगेन. वाईट असलं तरी सांगेन, आणि ते तुम्हाला आवडणार नाही."

"चालेल," वहिनी म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांचे खांदे पहिल्यांदा खाली आले. "मग लावा तार."

अर्ध्या तासात तार लागली. मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. सवयीने त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या हाताकडे बघितलं. हात चांगला होता. पण या वेळी तेवढ्यावर ते थांबले नाहीत. उठून जवळ गेले आणि विचारलं, "ही तार सुटली तर कसं कळेल? आणि पुढचा एक्स-रे नक्की कोणत्या महिन्यात?" डॉक्टरीणबाईंनी दोन्हींची उत्तरं दिली. मास्तरांनी खिशातून कागद काढून ती लिहून घेतली. वहिनी तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होत्या, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता.

बाहेर पडताना मास्तरांनी एक्स-रेचं पाकीट घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "मी धरते."

आणि ते पाकीट त्यांनी काखेत घट्ट धरलं. मास्तर रिकाम्या हातांनी शेजारून चालत राहिले. चौकात गाड्यांची गर्दी होती. दोघं कडेला उभे राहिले. थोड्या वेळाने वहिनींनी पाकीट दुसऱ्या काखेत घेतलं आणि मोकळ्या हाताने मास्तरांच्या शर्टाची बाही धरली. रस्ता ओलांडण्यापुरती. पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवल्याबरोबर ती सोडून दिली.